पाचशेचं इंजिन, अडीचशेची फ्रेम: एका खटपटीची पार्श्वभूमी

एका मोटरसायकलचं इंजिन दुसरीच्या फ्रेममध्ये, म्हणजे सांगाड्यात, बसवण्याची खटपट जुनी आहे. 1950 साली ब्रिटनच्या नॉर्टन कंपनीने आपल्या रेसिंग मोटरसायकलींसाठी 'फेदरबेड' फ्रेम आणली. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांनी ती घडवली होती. तिच्यावर बसणं म्हणजे पिसांच्या गादीवर बसणं, असं एका रेसरने म्हटलं आणि तेच नाव पडलं. त्याच काळात ब्रिटनमध्ये 500 सीसीच्या छोट्या रेसिंग कारची चलती होती. त्या कारवाल्यांना नॉर्टनचं मँक्स इंजिन हवं असायचं, पण कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. मग ते अख्खी मोटरसायकल घ्यायचे, इंजिन उतरवून कारमध्ये टाकायचे आणि उरलेला सांगाडा विकून मोकळे व्हायचे. चाकं, फोर्क, ब्रेक सगळं जागच्या जागी, मधे फक्त पोकळी. त्या पोकळीत ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं 650 सीसीचं इंजिन बसायला लागलं आणि 'ट्रायटन' ही गाडी जन्माला आली.

ट्रायटन डांबरी रस्त्यावरची. तरीही डर्टबाइकच्या, म्हणजे मातीत पळवायच्या गाडीच्या, इंजिन-बदलाची गोष्ट इथूनच सुरू करावीशी वाटते, कारण पुढे हीच परिस्थिती पुन्हा पुन्हा आली. चांगली फ्रेम एका गाडीत, चांगलं इंजिन दुसरीत, आणि दोन्ही एकत्र विकायला कुणीच तयार नाही. लोक ताकदीच्या हौसेपोटी हे करतात असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच कारण वाटतं. नुसती ताकद हवी असेल तर मोठी गाडी घेता येतेच की.

चिखलातल्या शर्यतींना तेव्हा 'स्क्रॅम्बल' म्हणत. तिथे बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलेली 'ट्रिबसा' सर्रास दिसायची. डेरेक आणि डॉन या रिकमन भावांनी याच सरमिसळीतून 1950 च्या दशकाच्या अखेरीला आपली गाडी बांधली आणि तिला 'मेटिस' म्हटलं. हा फ्रेंच शब्द, अर्थ 'संकर'. नावातच कबुली होती. पुढे त्यांनी उसनी फ्रेम सोडून स्वतःची, निकेलचा मुलामा दिलेली फ्रेम करायला घेतली आणि गिऱ्हाइकाने त्यात आपल्या पसंतीचं इंजिन बसवावं, असा धंदाच उभा केला. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्क्वीनकडे ट्रायम्फ इंजिनाची मेटिस होती, हे त्या गाडीच्या चाहत्यांनी एव्हाना हजार वेळा सांगून झालंय.

कारखानेही यात मागे नव्हते, फक्त ते याला 'विकास' म्हणत. बीएसएची 250 सीसीची सी15 ही 1958 ची साधी, हलकी गाडी. तिचंच इंजिन फुगवत आधी साडेतीनशेच्या आसपास नेलं, मग 420, मग 441 सीसी. गाडी मात्र हलकीच ठेवली. जेफ स्मिथने याच घराण्यातल्या गाडीवर 1964 आणि 1965 ची 500 सीसी मोटोक्रॉसची, म्हणजे त्याच चिखलातल्या शर्यतींची, जागतिक विजेतेपदं घेतली. समोरच्या गाड्या पूर्ण पाचशेच्या आणि अंगाने जड होत्या. मातीत ते जास्तीचं वजन प्रत्येक उडीनंतर वसूल होतं.

मग टू-स्ट्रोकने, म्हणजे पिस्टनच्या दर दोन हालचालींत एकदा पेट घेणाऱ्या इंजिनाने, मैदान मारलं. 1966 मध्ये पॉल फ्रीडरिक्सने सीझेड या चेकोस्लोव्हाक गाडीवर पाचशेच्या वर्गातलं विजेतेपद मिळवलं, आणि त्या वर्गात टू-स्ट्रोकने जग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. दहाएक वर्षांत फोर-स्ट्रोक, म्हणजे चार हालचालींची जुनी पद्धत, मोटोक्रॉसमधून जवळपास हद्दपार झाली. तेव्हा टॉर्स्टन हॉलमन आणि स्टेन लुंडिन या दोन स्वीडिश माजी विश्वविजेत्यांनी उलटी चाल खेळली. यामाहाच्या एक्सटी500 चं इंजिन भक्कम होतं, पण ती गाडी रानावनात निवांत फिरायची. त्यांनी ते इंजिन हलक्या मोटोक्रॉस फ्रेममध्ये घातलं. सुरुवातीचा नमुना तर हुस्कवार्ना या स्वीडिश गाडीच्या फ्रेमवरच बेतलेला होता. बेंग्ट ओबेरी 1977 च्या जागतिक मालिकेत ही एचएल500 घेऊन उतरला. विजेतेपदाच्या जवळपास तो कुठे नव्हता, पण टू-स्ट्रोकच्या गर्दीत ती गाडी टिकली, आणि यामाहाने तिच्या मोजक्या प्रती विक्रीलाही काढल्या.

आता थोडं जवळून बघू, कारण या सगळ्या इतिहासाचं घोडं दरवेळी एकाच ठिकाणी अडतं. इंजिन फ्रेममध्ये मावेल का, हा प्रश्न तसा सोपा. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर आडवं ठेवतात, त्याच्या कडांना चिकटपट्टी लावतात आणि नागडी फ्रेम वरून हळूहळू खाली आणतात. कुठे खरवडतंय ते पट्टीवर लगेच उमटतं. खरा घोळ चेनच्या रेषेचा. इंजिनचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, आणि मागच्या चाकाचं स्प्रॉकेट एका सरळ रेषेत यायलाच हवं. म्हणून मागचं चाक जागेवर बसवून, सरळ पट्टी धरून आधी ही रेषा ठरवतात आणि मग इंजिन त्या रेषेला आणतात. फ्रेमच्या मध्यावर इंजिन देखणं दिसतं म्हणून तिथे ठेवलं, तर चेन तिरपी धावते आणि दात खाऊन टाकते. पुढचं स्प्रॉकेट स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या, खिळीपासून किती दूर आणि किती उंच, हेही जुळावं लागतं, नाहीतर सस्पेन्शन दबलं की चेन कधी ताणते, कधी लोंबते. हे सगळं जमलं की मगच माउंटिंगच्या पट्ट्या कापायच्या. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, सगळं पुन्हा मोजायचं, आणि मग पक्कं वेल्डिंग.

फ्रेमवर काय येतं त्याचा अंदाज साध्या गणिताने येतो. समजा इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 30 न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरमध्ये पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत तो सहापट होतो. 13 दाती स्प्रॉकेटची त्रिज्या सुमारे 33 मिलिमीटर. म्हणजे चेन मागचं चाक साडेपाचशे किलोच्या जोराने ओढते, आणि तेवढ्याच जोराने फ्रेमचा मागचा भाग पुढे खेचला जातो. टॉर्क दुप्पट केला की हा आकडा अकराशेच्या वर जातो. नळ्या मात्र त्याच, जाडीही तीच. भेगा बहुधा स्विंगआर्मच्या खिळीजवळ किंवा नव्या वेल्डच्या कडेला पडतात, आणि रंगावर केसासारखी रेघ दिसेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

या खटपटीचा सुवर्णकाळ म्हणाल तर होंडाच्या सीआर500 चा. 1984 साली आलेली ही 491 सीसीची टू-स्ट्रोक पुढच्याच वर्षी पाण्याने थंड होऊ लागली. डेव्हिड थॉर्प आणि एरिक खेबोर्स यांनी होंडावर जागतिक विजेतेपदं मिळवली. पण लॅप टाइम बघता अडीचशेच्या गाड्या तिला गाठू लागल्या होत्या, आणि अमेरिकेतली पाचशेची राष्ट्रीय मालिका 1993 नंतर बंद पडली. होंडाने गाडी 2001 पर्यंत विकली खरी, पण तिच्यावर पैसा घालणं थांबवलं. 1997 मध्ये कंपनीने सीआर250 ला ॲल्युमिनियमची फ्रेम दिली, पाचशेला शेवटपर्यंत पोलादीच राहिली. ट्रायटनचीच परिस्थिती पुन्हा आली. वाळवंटात आणि टेकड्यांवर तेच जुनं इंजिन लोकांना प्रिय, आणि त्याला साजेशी फ्रेम शेजारच्या अडीचशेत. पाचशेचं उंच इंजिन त्या फ्रेममध्ये सरळ बसत नाही. माउंटिंग नव्याने करावं लागतं, एक्झॉस्टचा फुगीर पाइप वळवावा लागतो, रेडिएटर आणि टाकीशी झटापट होते. तरी ते इतक्या जणांनी केलं की अमेरिकेत सर्व्हिस होंडा नावाच्या विक्रेत्याने सीआर500एएफ म्हणून तयार गाड्याच विकायला सुरुवात केली. एएफ म्हणजे ॲल्युमिनियम फ्रेम. कावासाकीच्या केएक्स500 चंही तसंच झालं. तिचं उत्पादन 2004 पर्यंत चाललं आणि इंजिनं नव्या फ्रेममध्ये अजून जगतायत.

यामाहाची वायझेड400एफ 1998 मध्ये आली आणि पाठोपाठ 450 सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या. हलकी फ्रेम आणि मोठं इंजिन शोरूममध्येच एकत्र मिळायला लागलं. इथे ही खटपट संपायला हवी होती, पण ती लहान मुलांच्या गाड्यांत शिरली.

होंडा एक्सआर50 ही खरी सात-आठ वर्षांच्या पोराची गाडी. दहा इंची चाकं, ड्रम ब्रेक, हाताने दाबायचा क्लच नाही, तीन गिअर. 2000 नंतर तिच्यावर दणकट मोठी माणसं बसून उड्या मारू लागली. ते शक्य झालं एका जुन्या योगायोगामुळे. तिचं आडवं इंजिन होंडाच्याच सुपर कब या छोट्या गाडीच्या घराण्यातलं, आणि ते फ्रेमला मागच्या बाजूच्या दोन बोल्टांनी लटकतं. चिनी कारखान्यांनी त्याच मापावर 110, 125, 140 सीसीची इंजिनं काढली आणि बोल्टांची जागा तीच ठेवली. त्यामुळे पन्नासचं उतरवून सव्वाशेचं लावणं एका दुपारचं काम झालं, वेल्डिंगचीही गरज नाही. मला यात मजा कमी आणि भीती जास्त वाटते. पाठीच्या कण्यासारखी एकच नळी असलेली ती फ्रेम वाकायची, म्हणून इंजिनखालून आधाराचा पाळणा लावायची पद्धत आली. मग फोर्क बदलले, मग स्विंगआर्म, मग चाकं. शेवटी मूळ गाडीतलं शिल्लक काय, तर नंबर कोरलेला नळीचा एक तुकडा.

सीआर500एएफसारखी गाडी सांभाळणाऱ्याला सुटे भाग मागवताना दोन वर्षं आणि दोन मॉडेलं लक्षात ठेवावी लागतात. पिस्टन आणि क्लच-प्लेटा 2001 च्या पाचशेच्या, ब्रेकपॅड आणि बेअरिंगं 1999 च्या अडीचशेची. इंजिन आणि फ्रेम यांच्या मधल्या पट्ट्या मात्र कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतात. त्या तुटल्या तर जुनी पट्टी कागदावर ठेवून पेन्सिलने आखून घ्यायची आणि तशीच कापायची.