'प्रसार': घटनेतल्या एका शब्दामागचा इतिहास

धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने सर्वांना दिला आहे. यातला 'प्रसार' हा शब्द सहजासहजी आलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्रांना तो नको होता. टी. टी. कृष्णम्माचारींनी स्वतःचा अनुभव सांगितला: चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकलो, पण धर्म बदल असं मला कुणी सुचवलं नाही. हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या तडजोडीतून आला आहे आणि ख्रिस्ती समाजाने त्यावर सर्वाधिक भर दिला होता, याची आठवण कन्हैयालाल मुनशींनी करून दिली. शब्द राहिला.

एका बाजूला त्याचं इतकं मोल आणि दुसऱ्या बाजूला इतकी धास्ती कशासाठी, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

ख्रिस्ती धर्म गोऱ्यांबरोबर भारतात आला, हा समज खोटा आहे. केरळमधल्या कोल्लमच्या चर्चला मिळालेल्या सनदेचे ताम्रपट इ.स. ८४९चे आहेत, म्हणजे वास्को द गामा येण्याच्या साडेसहाशे वर्षं आधीचे. त्यांवरच्या साक्षी अरबी, पहलवी (जुनी इराणी) आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत आहेत. चर्चच्या दानाला मुसलमान आणि यहुदी व्यापारी साक्षीला उभे राहिले होते. भारतातल्या ख्रिस्ती धर्माची ही आरंभीची ओळख आपण फारच लवकर विसरलो.

धास्ती आली ती धर्माला सत्तेचा हात मिळाल्यावर. गोव्यात १५६०मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि मधला थोडा काळ वगळता १८१२पर्यंत चाललं. ईस्ट इंडिया कंपनीला मात्र सुरुवातीला मिशनरी नकोच होते, व्यापाराला धोका नको म्हणून. त्यामुळे इंग्रज मिशनरी विल्यम केरीला डेन्मार्कच्या ताब्यातल्या, बंगालमधल्या श्रीरामपूरचा आसरा घ्यावा लागला. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण करणाऱ्या १८१३च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार उघडलं. त्याच कायद्याने कलकत्त्याला बिशप आणला आणि त्याचा पगार इथल्या महसुलातून जाऊ लागला. शेतसारा भरणारे हिंदू-मुसलमान आणि पगार अँग्लिकन बिशपला! ही व्यवस्था मोडणारा कायदा १९२७मध्ये झाला आणि १९३०मध्ये चर्च सरकारपासून वेगळं झालं.

ही सगळी आठवण संविधान सभेत ताजी होती. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच होते. १९३५च्या कायद्याने ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. ते मतदारसंघ गेले आणि मे १९४९मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही सोडून देण्यात आल्या. सत्तेतला ठरावीक वाटा सोडून या समाजाने आपला विश्वास उघडपणे सांगण्याची मोकळीक मागितली. माझ्या मते त्या सभेतल्या मोठ्या मनाच्या निर्णयांपैकी हा एक होता आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली.

पुढे मात्र शब्दाचा अर्थ आक्रसत गेला. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६मध्ये मिशनऱ्यांच्या कामावर कडक अहवाल दिला. ओरिसाने १९६७मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८मध्ये धर्मांतरावर कायदे केले. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे वैध ठरवले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असा हा निकाल. त्यानंतर अनेक राज्यांनी असेच कायदे केले.

धर्म बदलणाऱ्याला किंमत मोजावी लागते ती आणखी एका ठिकाणी. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. सरकारने अनुसूचित जातींतल्या चर्मकारांना फुकट टपऱ्या वाटल्या होत्या. तोच धंदा, तीच मूळ जात, पण हा ख्रिस्ती, म्हणून त्याला टपरी नाही. धर्मांतरानंतरही जातीचे चटके तितकेच बसतात हे पुराव्याने सिद्ध केलेलं नाही, असं म्हणत न्यायालयाने १९८५मध्ये त्याचा अर्ज फेटाळला.