लोडर ट्रॅक्टरचे मागील वजन

पुढे लोडर (माल उचलणारी बकेट आणि तिचे हात) बसवलेल्या ट्रॅक्टरचा तोल राखण्यासाठी त्याच्या मागील बाजूस जोडलेले किंवा मागच्या चाकांत भरलेले जादा वजन. यालाच बॅलास्ट म्हणतात. त्याची सर्वांत जास्त गरज साधारण १५ ते ४० अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरांना असते. हे यंत्र मुळात हलके, त्याच्या दोन ॲक्सलांमधले अंतर कमी, आणि बकेटमधला माल त्या मानाने जड असतो. बकेटने जास्त माल उचलता यावा म्हणून हे वजन लावायचे नसते. उत्पादकाने लोडरची जी उचल ठरवून दिली आहे, तेवढीच धोका न पत्करता उचलता यावी यासाठी ते असते. बॅलास्ट लावला म्हणून बकेट वाजवीपेक्षा जास्त भरली, तर पुढचा ॲक्सल, लोडरची चौकट आणि टायर यांच्यावरचा ताण वाढतो आणि बॅलास्टचा उपयोग निघून जातो.

बकेट पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असते. माल उचलला की पुढचा ॲक्सल टेकू बनतो. मालाचे सगळे वजन त्याच्यावर येतेच, शिवाय मागच्या ॲक्सलवरचेही काही वजन सुटून पुढे येते. पहारेखाली दगडाचा टेकू देऊन धोंडा उलथवताना जे घडते, तेच येथे घडते.

हिशेबासाठी एक काल्पनिक ट्रॅक्टर घेऊ. लोडरसह त्याचे वजन ८०० किग्रॅ; पैकी ३२० किग्रॅ पुढच्या आणि ४८० किग्रॅ मागच्या ॲक्सलवर. दोन ॲक्सलांमधले अंतर १.५ मी. बकेटमध्ये ३०० किग्रॅ वाळू असून तिचा गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलपासून १.२ मी. पुढे आहे. मागच्या ॲक्सलवरून सुटणारे वजन ३०० × १.२ ÷ १.५, म्हणजे २४० किग्रॅ. आता पुढच्या ॲक्सलवर ८६० आणि मागच्यावर अवघे २४० किग्रॅ उरतात. हे आकडे सपाट जमिनीवर उभ्या यंत्राचे आहेत. चालताना पुढचे चाक खड्ड्यात आदळले, ब्रेक दाबला किंवा उतार लागला, तर उरलेले वजनही क्षणात सुटू शकते आणि मागची चाके जमीन सोडतात.

याच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ३०० किग्रॅ वजन लावले, तर मागे ५४० किग्रॅ होतात; पुढचे ८६० मात्र तसेच राहतात. तेच ३०० किग्रॅ पेटीत भरून मागच्या ॲक्सलच्या ०.९ मी. मागे टांगले, तर मागे ७२० आणि पुढे ६८० किग्रॅ येतात. वजन दोन्ही वेळा सारखेच आहे, बदलली ती त्याची जागा. चाकांतले वजन मागची बाजू जमिनीवर दाबून धरते. ॲक्सलच्या मागे टांगलेले वजन ते काम करतेच आणि वर पुढच्या ॲक्सलचा भारही हलका करते. छोट्या यंत्रांत पुढच्या ॲक्सलचे सील, किंगपिन आणि बेव्हल गिअर हेच नाजूक भाग असल्यामुळे लोडरच्या कामाला टांगलेले वजन प्रथम आणि चाकांतले वजन त्याच्या जोडीला, हाच क्रम योग्य ठरतो.

मागची चाके हलकी होण्याचा सर्वांत घातक परिणाम ब्रेकवर होतो. बहुतेक शेती ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या बाजूला असतात. चाक जमिनीला टेकलेले नसेल, तर ब्रेक कितीही चांगला असून उपयोग नाही. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरबॉक्सच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल सोडले की यंत्र थांबते, पण ते थांबवणेही मागच्या ॲक्सलमार्फतच होते. एक मागचे चाक हवेत गेले की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) त्याला मोकळे फिरू देतो आणि ट्रॅक्टर उतारावर आपसूक धावू लागतो. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असेल, तर पुढची चाके शाफ्टने मागच्या यंत्रणेशी बांधलेली राहतात आणि ब्रेकचा परिणाम त्यांच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून उताराच्या जागी लोडर चालवताना तो आधीच लावून ठेवतात. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ही सोय नाही. तेथे मागचे वजन हाच आधार.

दुसरा धोका बाजूला कलंडण्याचा. पुढचा ॲक्सल मधल्या एकाच खिळीवर डुलता बसवलेला असतो, म्हणजे ट्रॅक्टर दिसायला चार चाकांवर असला तरी तोलाच्या दृष्टीने तो तीन बिंदूंवर उभा असतो: दोन मागची चाके आणि पुढची ती खिळी. हा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. भरलेली बकेट गुरुत्वमध्य पुढे, त्या निमुळत्या भागात ओढते. बकेट वर उचलली की तो उंचही जातो. अशा वेळी एखादे चाक बांधावर चढले, तरी यंत्र आडवे होण्यास पुरते. मागचे वजन गुरुत्वमध्याला पुन्हा रुंद भागाकडे आणते. आडव्या उतारावर मात्र त्याची मदत थोडीच, आणि पेटी उंच टांगली असेल तर उलट अपायच. तिथे उपयोगी पडते ती मागच्या चाकांची रुंद मांडणी आणि जमिनीलगत ठेवलेली बकेट.

बॅलास्टचे प्रकार ट्रॅक्टरच्या बदलत्या बांधणीबरोबर आले. १९३२ मध्ये अमेरिकेतील ॲलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला हवेचे टायर दिले. पुढे हवेचे टायर सार्वत्रिक झाले आणि टायरमध्येच द्रव भरून वजन वाढवण्याची वाट मोकळी झाली. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली हायड्रॉलिक थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे मागे अवजार तीन ठिकाणी जोडून उचलणारी यंत्रणा, १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन आणि १९३९ च्या फोर्ड ९एन या ट्रॅक्टरांमधून रुळली. वजनाची पेटी आज याच लिंकेजवर टांगतात.

टायरमध्ये पाणी भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्के, भरण्याची पद्धत आहे. उरलेल्या जागेतली हवा टायरला लवचिकपणा देते. उत्तर अमेरिका, उत्तर युरोप अशा भागांतल्या थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. ते पाण्यापेक्षा जड असल्याने वजनही जास्त मिळते, पण गळती झाली की रिम गंजवते. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची अडचण येत नाही, साधे पाणी पुरते. लोखंडी चाक-वजने बोल्टने बसतात. ती महाग असली तरी त्यांच्यात गळण्याचा प्रश्न नाही.

पेटीत काय भरले यावर तिचे वजन ठरते. १०० लिटर जागेत पाणी १०० किग्रॅ, कोरडी वाळू सुमारे १६०, काँक्रीट सुमारे २४० किग्रॅ भरते. घरगुती उपाय म्हणून २०० लिटरच्या पिंपात काँक्रीट ओतून त्यात आडवी पिन बसवण्याची रीत अनेक देशांत आहे. पूर्ण भरलेले असे पिंप ४८० किग्रॅपर्यंत जाते. सर्वांत छोट्या ट्रॅक्टरांची मागची उचल ३०० किग्रॅच्या आसपासच असते, आणि ती लोअर लिंकच्या (लिंकेजच्या खालच्या दांड्यांच्या) टोकापासून ६१० मिमी. मागे मोजलेली असू शकते. तेव्हा पिंप ओतण्याआधी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला उचलीचा आकडा आणि तो कोठे मोजला आहे, हे दोन्ही पाहावे लागते. लहान ट्रॅक्टरला अर्धे पिंप पुरे होते. रोटाव्हेटर किंवा मागचे पाते यांसारखे अवजारही बॅलास्टचे काम करते, पण ते लांब असल्याने वळताना त्याची शेपटी बाहेर झेपावते. गोठ्याच्या खांबाला किंवा माणसाला लागण्याचा धोका असतो. अडचणीच्या जागी आखूड आणि भरीव पेटीच बरी.

किती वजन लावायचे याचे उत्तर लोडरच्या पुस्तिकेत असते: अमुक लोडरला मागे इतके किलो, टायरमध्ये द्रव असेल तर इतके. हे आकडे लोडर आणि ट्रॅक्टर यांची जोडी तपासून दिलेले असतात, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून ते ठरवता येत नाहीत. मागच्या ॲक्सलची आणि टायरची भारमर्यादाही पाहावी लागते, कारण पेटी मागच्या ॲक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकते. वरच्या उदाहरणात ३०० किग्रॅच्या पेटीने ४८० किग्रॅ टाकले. वजन अपुरे असल्याची लक्षणे कामात दिसतात: ढिगात शिरताना मागची चाके जागच्या जागी घसरणे, स्टिअरिंग जड होणे, थांबताना मागची बाजू उचलल्यासारखी वाटणे. मागचे चाक उचलले गेल्याचे जाणवताच बकेट सावकाश पण ताबडतोब खाली घ्यायची. तोवर वळायचे नाही.

पेटी जोडताना पिना आणि त्या निसटू न देणाऱ्या लिंच पिना दोन्ही बाजूंना पक्क्या कराव्यात आणि चेक चेन (लिंकेजला आडवे डुलू न देणाऱ्या साखळ्या) ताणाव्यात. चेन सैल राहिली तर शेकडो किलोंची पेटी वळणावर आडवी झोकांडते, आणि तो झोका नेमका तोल बिघडलेल्या क्षणी बसतो. पेटी जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर असावी, याहून वर नको. जोडताना ट्रॅक्टर आणि पेटी यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये. चालकाने खुर्चीवरूनच लिंक पातळीत आणून मगच उतरावे. बकेट भरलेली असताना चढावर पुढच्या दिशेने आणि उतारावर रिव्हर्समध्ये जावे, म्हणजे जड बाजू नेहमी चढाकडे राहते. बकेट रिकामी करून मागे जड पेटी घेऊन चढ चढताना मात्र उलटे होते: पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सुटते. त्या फेरीला रिकामी बकेट खाली ठेवून हळू जावे लागते. ट्रॅक्टर उलटलाच तर चालकाला वाचवणारी रोप्स ही सुरक्षा कमान उभी असावी आणि पट्टा बांधलेला असावा. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये.

महाराष्ट्रातल्या चालकाला तोलाचा उलटा प्रश्न अधिक ओळखीचा आहे. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीमुळे ट्रॅक्टरचे तोंड उचलते, म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडी वजने लावतात. हाच ट्रॅक्टर हंगामानंतर लोडर बसवून शेणखत, वाळू किंवा मुरूम भरायला घेतला, तर ही पुढची वजने आधी काढणे भाग आहे, नाहीतर आधीच दबलेल्या ॲक्सलवर ती आणखी भर घालतात. जुने टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर लोडरसाठी बांधलेले नसतात. त्यांच्या बारीक पुढच्या चाकांचा आणि हलक्या ॲक्सलचा विचार करून बकेट अर्धीच भरणे शहाणपणाचे. वाळूची पोती दोरीने बांधणे किंवा माणसांना मागच्या अवजारावर उभे करून वजन देणे, हे दोन्ही कटाक्षाने टाळायला हवे. पोती घसरतात, आणि माणूस पडला की थेट मागच्या चाकाजवळ किंवा अवजाराखाली येतो.

लोडरचे काम संपले की पेटी काढून ठेवणे हा वापराचाच भाग आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत छोटा ट्रॅक्टर फवारणी आणि आंतरमशागतीसाठी वर्षभर ओळींतून फिरतो. त्या फेऱ्यांत जादा वजन जमीन दाबते, विशेषतः ओल्या काळ्या जमिनीत, आणि डिझेलही खाते. टायरमधले पाणी असे सहज काढता येत नाही, पेटी मात्र दोन पिना काढल्या की सुटते. त्यामुळे लोडरचे काम अधूनमधून असणाऱ्याला पेटीच सोयीची. ती सपाट, टणक जागी पूर्ण टेकवून सोडावी. काँक्रीटची गोल पिंपे दोन्ही बाजूंनी दगडांनी अडवावीत, म्हणजे ती गडगडत नाहीत.