सहावा गठ्ठा: कोल्हापूरच्या कार्यालयांतल्या कागदी कचऱ्याची पार्श्वभूमी

कार्यालयातला कागद वाचवायचा विषय निघाला की बोलणं बहुतेक प्रिंटरपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. पण जुन्या कार्यालयांत जागा अडवून बसलेला कागद गेल्या आठवड्यात छापलेला नसतो. कपाटावर, जिन्याखाली, अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात फडक्यात बांधून पडलेले गठ्ठे असतात. त्यातला बराचसा कागद कुणालाच नको असतो, तरी तो रद्दीत जात नाही. टाकायचं काय, हे कुणी ठरवायचं आणि त्याखाली सही कुणी करायची, हा खरा तिढा आहे. कोल्हापुरात तो संस्थानी काळापासून चालत आला आहे.

संस्थानी कारभाराच्या जुन्या काळात कागदाचा कचरा असा होतच नसे, कारण कागद महाग होता. दौलताबादजवळचा कागजीपुरा, जुन्नर, पुणे इथले कारागीर हातकागद बनवायचे तो जुनं गोणपाट, दोरखंड, चिंध्या आणि वापरून झालेला कागद कुटून. निरुपयोगी कागद पुन्हा लगद्याच्या हौदात जाणं हा त्या धंद्याचाच भाग होता. कारकूनही मोडीत दाटीवाटीनं लिहीत. जपायचं ते रुमालात बांधून दफ्तरात जाई. करवीर दरबाराची अशी कागदपत्रं आज कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध केला. त्या दिवशी तो कचेरीतला आणखी एक छापील कागद होता. ठेवण्याजोगं काय, हे त्या-त्या वेळी कळतंच असं नाही. टाकायला हात धजावत नाही, त्यामागं हे एक रास्त कारण आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि इथल्या कचेऱ्या नव्या कार्यपद्धतीत आल्या. तेव्हाही काटकसर होतीच. दुसऱ्या महायुद्धात कागदाची तीव्र टंचाई होती, आणि वापरलेल्या लिफाफ्यावर इकॉनॉमी स्लिप चिकटवून तोच लिफाफा पुन्हा पाठवायची सवय पुढं अनेक वर्षं टिकली. टाइपरायटरला कार्बन लावून फार तर चार-पाच वाचनीय प्रती निघायच्या. सायक्लोस्टाइलला आधी स्टेन्सिल कापावं लागे. प्रत काढायला कष्ट पडत, म्हणून ती मागतानाही विचार होई.

हा लगाम सुटला तो झेरॉक्समुळं. १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स कंपनी स्थापन झाली आणि काही वर्षांतच कचेरी-कोर्टाच्या आसपास झेरॉक्सची दुकानं दिसू लागली. प्रत स्वस्त झाली तशी 'सोबत तीन प्रती जोडाव्यात' ही ओळ अर्जाच्या नमुन्यांत कायमची बसली. एकच रहिवासी दाखला एकाच इमारतीतल्या तीन टेबलांवर तीनदा जमा होऊ लागला. माझ्या मते कागदाचा पूर आला तो इथून, संगणक नंतर आला.

कागदाच्या वर्गवारीची पद्धत सरकारी कामकाजात मुळातच आहे. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' त्याहून कमी काळ, 'ड' वर्षभर. नियम स्वच्छ आहे, पण रोजच्या कामात वर्गवारी मागं पडत राहिली. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची आणि अभिलेख कक्षाची नव्यानं मांडणी केली, ती 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. पुढं २०१७ च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी प्रलंबित कामं निकाली काढायची 'झिरो पेंडन्सी' मोहीम हाती घेतली. कोल्हापूर जिल्हा पुणे महसूल विभागातच येतो, त्यामुळं इथल्या कचेऱ्यांतही गठ्ठे सुटले, धूळ झाडली गेली, कागद वर्गवार लावले गेले.

या शिस्तीचा कणा म्हणजे सहा गठ्ठे पद्धत. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या टेबलावरचा कागद सहा भागांत लावायचा: चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची कागदपत्रं, आणि सहावा गठ्ठा नाश करायच्या कागदांचा. पहिल्या पाच गठ्ठ्यांवर रोज हात फिरतो. सहाव्याला मात्र यादी लागते, वरिष्ठांची मंजुरी लागते, मग रद्दीची विक्री. यातलं काहीच तातडीचं नसल्यामुळं तो तसाच पडून राहतो.

भीतीही आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चाच, आणि त्यानुसार ठरलेली कार्यवाही केल्याशिवाय अभिलेख नष्ट करता येत नाही. उद्या कुणी तोच कागद मागितला तर? २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं आणि मोडीतले गाव नमुने (गावच्या महसुली नोंदी) एका रात्रीत मोलाचे ठरले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. ते पाहिलेला कारकून 'नाश' असा शेरा मारताना दहादा थांबणारच, आणि त्यानं थांबावंच. पण १९३० चं जन्म-मृत्यू रजिस्टर आणि गेल्या वर्षीच्या बैठकीच्या सूचनेची सातवी झेरॉक्स एकाच भीतीपोटी एकाच गठ्ठ्यात राहिली, तर त्या गर्दीत रजिस्टरच खराब होतं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात याची किंमत कळली. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क, दसरा चौकाच्या परिसरात पाणी शिरलं. तळमजल्यावरचा भिजलेला कागद ना वाचायला उरतो, ना रद्दीला. चिखल आणि बुरशी लागलेला कागद गिरणीला नको असतो. कोरड्या पांढऱ्या कागदाला सगळ्यात चांगला भाव, मिसळलेल्याला कमी. टाचण्या गिरणीत चाळणीवर वेगळ्या होतात. लॅमिनेशन, कार्बन पेपर आणि पावत्यांचा थर्मल कागद मात्र लगदा बिघडवतात. कागदाचा तंतू साधारण पाच ते सात वेळा लगद्यातून जाऊ शकतो, दर वेळी आखूड होत. श्रेडरमध्ये फार बारीक कापलेल्या कागदाचे तंतू आधीच तुटलेले असतात, म्हणून नावं, आधार क्रमांक, खाते क्रमांक असलेला कागदच तेवढा कापावा.

तो कापायला मात्र हवाच. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर कागदी पिशव्यांची मागणी वाढली, आणि कुणाच्या तरी अर्जाची पिशवी होऊन ती बाजारात फिरावी हे योग्य नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण कचरा करणाऱ्याच्याच गळ्यात घातलं. ते ऑफिसात झालं नाही, तर कसबा बावड्याच्या झूम या कचरा प्रकल्पावर ओला-सुका एकत्र जातो आणि त्यातून कागद वेचायचं काम कचरावेचक बायकांच्या वाट्याला येतं. त्यांच्यासोबत अवनि संस्था कोल्हापुरात काम करते. चहाच्या पेल्यांखाली न दबलेला, कोरडा कागद थेट त्यांच्या हाती पडला तर त्याचे पैसेही त्यांना बरे मिळतात.

कागद मुळातच कमी व्हावा, यासाठी आधारही तयार झाला आहे. राज्यानं २०१५ मध्ये अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती मान्य केल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागदावर पाठपोट छपाई स्वीकारली. तरीही तोच डिजिटल सातबारा छापून, वर झेरॉक्स मारून जोडायला सांगणारी टेबलं आहेत.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता या शहरात येतात. त्यांच्यासोबत वकिलांची कार्यालयं, टायपिंगची आणि झेरॉक्सची दुकानंही वाढणार. त्यांच्या कच्च्या प्रतींची पाठकोरी बाजू वापरायची सोय आणि पांढऱ्या रद्दीचा वेगळा डबा या इमारतीच्या भाऊसिंगजी रोडवर आत्ताच लागला पाहिजे.