लो-कार्ब सोडलं की चरबी लगेच परत येते?

लो-कार्ब (पोळी, भात, साखर अशी कर्बोदकं खूप कमी ठेवणारा आहार) सोडून पुन्हा कर्बोदकं सुरू केली की दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढू शकतं. मग ‘गेलेली चरबी परत आली’ म्हणून घबराट उडते. हा समज चुकीचा आहे.

वाढतं ते मुख्यतः पाणी. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं: स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० च्या आसपास. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. लो-कार्बमध्ये हाच साठा रिता होतो, म्हणून पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो (आणि डाएटच्या जाहिराती त्यावरच चालतात!). उलट एक किलो चरबी साठायला खर्चापेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. दोन दिवसांत एवढं खाणं सोपं नाही.

त्यातच व्यायाम नवा असेल, तर दुखऱ्या स्नायूंतही थोडं पाणी साचतं. घाबरून कर्बोदकं पुन्हा तोडू नयेत. धावणं, वजनं उचलणं अशा जोरकस व्यायामाला ग्लायकोजेनचा हाच साठा लागतो. तीन-चार आठवड्यांनंतरही वजन चढतच राहिलं, तर मात्र खाण्याचं प्रमाण तपासावं. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.