दोन टक्के की सोळा? दिव्यांगांची मोजणी कुठे अडते

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज आहे १६ टक्के. नाशिक जिल्ह्याच्या तेव्हाच्या ६१ लाख लोकसंख्येला हे दर लावले, तर पहिल्याने १ लाख ३५ हजार माणसे येतात, दुसऱ्याने पावणेदहा लाख. जगाचा दर जिल्ह्याला तंतोतंत बसणार नाही हे खरे. पण एवढी तफावत मुख्यतः विचारण्याच्या पद्धतीतून येते.

जनगणनेचा प्रश्न असा होता: ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का? पंचवटीतल्या एखाद्या घरात मुलगा दारातच सांगतो, ‘नाही, आमच्यात कुणी नाही.’ आत बसलेली सत्तरीची आई रामकुंडाच्या पायऱ्या कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उतरू शकत नाही, पण ते घराच्या लेखी म्हातारपण. मानसिक आजार तर बहुतेक वेळा सांगितलाच जात नाही. लग्नाची मुलगी घरात असली की मग बघायलाच नको.

वॉशिंग्टन गट म्हणजे दिव्यांगांची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट. त्याची प्रश्नावली अपंगत्वाचा शब्दही काढत नाही. पाहणे (चष्मा लावूनही), ऐकणे (यंत्र लावूनही), चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे, स्वतःचे आवरणे, आणि दुसऱ्याशी बोलणे-समजणे, असे सहा प्रश्न. उत्तरे चार: अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. एका तरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा त्यापुढचे उत्तर आले की व्यक्ती मोजली जाते. ‘थोडी’ही धरली तर आकडा भलताच फुगतो. उत्तरांचे ‘हो-नाही’ करून टाकणे ही सर्रास होणारी चूक. पाच वर्षांखालील मुलांना हे प्रश्न चालत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा संच आहे.

दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के ही तिसरीच मोजणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बऱ्याच सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. हातापायाचे दोन दोष असतील तर टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत. मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा) भागिले ९०, एवढेच मिळवतात. म्हणून ३० आणि ३० मिळून ६० नाही, ५० होतात. कानाच्या हिशेबात चांगल्या कानाला पाचपट वजन असते. त्यामुळे एक कान पूर्ण गेला आणि दुसरा धड असला, तर जेमतेम १७ टक्के. अशा माणसाला वर्गात किंवा कारखान्यात रोज अडते, प्रमाणपत्राच्या रेषेपर्यंत मात्र तो पोचत नाही. पेन्शनची तरतूद करायला प्रमाणपत्राचा आकडा ठीक. बसथांब्याची उंची ठरवायला वॉशिंग्टन गटाचाच हवा.

जिल्ह्यात स्वतंत्र पाहणी करायची तर नमुना मोठा लागतो. दर दोन टक्क्यांच्या आसपास असेल आणि अर्ध्या टक्क्याची चूक चालणार असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी सुमारे ३,००० माणसे लागतात. गावे निवडून घरे घेतली तर साधारण दुप्पट, कारण एकाच गावातली माणसे एकमेकांसारखी असतात. त्या ३,००० मध्ये दिव्यांग साठच सापडतील. त्यांची प्रकारवार टक्केवारी छापणे म्हणजे अंदाजपंचे. पेठ-सुरगाण्यात ऐन द्राक्षहंगामात पाहणी ठेवू नये. धडधाकट माणसे दिंडोरी-निफाडच्या बागांवर गेलेली असतात आणि घरी उरलेल्यांत दर उगीच चढा दिसतो.