प्रदर्शनाचं रसग्रहण आणि प्रदर्शनाचं परीक्षण

चित्रप्रदर्शनावरचा माझा पहिला लेख एका रविवारच्या पुरवणीत छापून आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात ‘परीक्षण’ असं होतं. प्रदर्शन नाशिकच्या गोदाघाटाच्या जलरंगचित्रांचं. चित्रं चाळीस. मी त्यातल्या एकाच चित्रावर सहाशे शब्द लिहिले होते: पहाटेचा घाट, धुक्यात अर्धं बुडालेलं नारोशंकराचं देऊळ, ओल्या पायऱ्या. चित्रकार खूश झाले. आठवड्याभराने शाळेतले चित्रकलेचे सर कॉलेज रोडवर भेटले.

“लेख वाचला तुझा. रसग्रहण चांगलं केलंयस. पण बाकीची एकोणचाळीस कुठे गेली रे?”

“सर, ते एकच फार आवडलं.”

“मग तसं म्हण ना. परीक्षण कशाला म्हणतोस?”

‘परीक्षण’ हे नाव मी दिलं नव्हतं, पुरवणीवाल्यांनी दिलं होतं. पण ते सरांना सांगून उपयोग नव्हता, कारण तोवर मलाही हे दोन शब्द एकाच गोष्टीचे वाटत होते. रसग्रहण जरा सोवळं, परीक्षण जरा वर्तमानपत्री, एवढाच काय तो फरक.

या गोंधळाचं मूळ मला वाटतं शाळेत आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण येतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन मुद्दे पाठ करून आपण ते लिहिलेलं असतं. तिथे एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही: पुस्तकातली कविता आधीच निवडून आलेली असते. ती चांगली आहे की नाही हा प्रश्नच पेपरात नसतो. ‘तिसरं कडवं ओढूनताणून जुळवलंय’ असं कोणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि लिहिलं असतं तर मार्क मिळाले असते असंही वाटत नाही. चांगलेपण गृहीत धरायचं आणि ते कुठून आलंय ते उलगडून दाखवायचं, हे रसग्रहणाचं काम. मोठेपणी तीच सवय घेऊन आपण कलादालनात शिरतो. भिंतीवर लागलंय म्हणजे ते निवडून आलेलंच आहे, असं मनात पक्कं असतं.

परीक्षणात ही निवडच तपासायची असते. कोणी निवडलं, किती लावलं, कुठल्या क्रमाने, काय म्हणून लावलं आणि ते म्हणणं भिंतीवर खरं ठरतंय का. रसग्रहणाचा विषय चित्र असतो, परीक्षणाचा विषय प्रदर्शन. चाळीस उत्तम चित्रांचं प्रदर्शन फसू शकतं, आणि बेताच्या पंधरा चित्रांचं प्रदर्शन मांडणीमुळे डोक्यात घर करून राहू शकतं.

‘परीक्षण’ या शब्दानेही घोटाळा केलाय म्हणा. आंतरशालेय चित्रकला स्पर्धेलाही परीक्षक असतात आणि ते पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ असे नंबर काढतात. त्यामुळे परीक्षण म्हटलं की चित्रकाराला वाटतं आपली वही तपासायला आले.

फरक नुसता सांगून कळत नाही, म्हणून एक प्रदर्शन कल्पनेने उभं करू. पुन्हा गोदाघाटच घेऊ. नाशिकमध्ये शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी निसर्गचित्रणाची वाट इतकी रुळवून ठेवलीय की जलरंग आणि घाट ही जोडी इथे सुटता सुटत नाही. रसग्रहण असं होईल:

‘या चित्रात सगळ्यात उजळ काय आहे ते शोधायला गेलं तर तिथे रंगच नाही. पायऱ्यांवर पडलेलं ऊन म्हणजे चित्रकाराने न रंगवता राखलेला कागद. शेजारी निळसर करड्या रंगाचा एकच सपाट हात फिरवलाय आणि तो ओला असतानाच खालच्या कडेला गडद रंग सोडलाय. रंग आपल्या मनाने पसरत गेला, आणि तो जिथे थांबला तिथे आपल्याला नदी दिसते. कपडे धुणारी बाई तीन फटकाऱ्यांची आहे. चौथा दिला असता तर ती कोण आहे ते कळलं असतं, आणि मग चित्र घाटाचं न राहता तिचं झालं असतं.’

आणि त्याच प्रदर्शनाचं परीक्षण असं:

‘चाळीसपैकी एकवीस चित्रांत रामकुंड आहे आणि त्यातली बहुतेक सकाळची. एका घाटाकडे वीसदा बघायला हरकत नाही, पण विसाव्या खेपेला पहिल्यापेक्षा निराळं काही हाती लागायला हवं. पत्रिकेत प्रदर्शनाचं नाव “आजचा गोदाघाट” आहे. चित्रांत मात्र लोखंडी कठडे नाहीत, भोंगे नाहीत, मोबाइल उंच धरलेले भाविक नाहीत, पार्किंग नाही. हे गाळणं चित्रकाराच्या हक्कातलं. पण मग “आजचा” हा शब्दही गाळायला हवा होता. चित्रं दोन रांगांत लावली आहेत आणि खालची रांग गुडघ्याशी येते. काचेवर समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असल्याने तीन चित्रं तिरकं उभं राहूनच बघावी लागतात. दाराआडच्या भिंतीवर, जिथे कोणी थांबत नाही, तिथे पावसाळ्यातल्या गढूळ पुराची सहा छोटी चित्रं आहेत. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आलेलं तपकिरी पाणी या चित्रकाराने जसं रंगवलंय तसं बाकीच्या चौतीस चित्रांत काहीच नाही. प्रदर्शन या सहांचं करता आलं असतं.’

पहिल्या उताऱ्यातलं एकही वाक्य दुसऱ्याने खोटं ठरत नाही. पायऱ्यांवरचा राखलेला कागद तितकाच सुंदर राहतो. मात्र पहिला लेखक एका चित्रापुढे पाऊण तास उभा होता आणि दुसरा दालनात चार फेऱ्या मारून आला, हे वाचताना कळतं. दुसऱ्याला मोजावं लागलं. परीक्षण लिहिताना पेन्सिल बरीचशी मोजण्यातच जाते, हे मी उशिरा शिकलो.

उंचीचं आणि उजेडाचं बोललं की आपल्याकडे लोकांना ते खुसपट वाटतं. संग्रहालयांत साधारणपणे चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटीमीटरवर येईल असं टांगतात, म्हणजे सरासरी उंचीच्या माणसाच्या नजरेसमोर. जलरंग उजेडाने उडतात, म्हणून कागदावरची चित्रं 50 लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात ठेवतात. तैलरंगांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. आपल्या दालनांत हे सगळं जमावं असं कोणी म्हणत नाही. भाडं भरायचं, टेम्पोतून चित्रं आणायची, शिडीवर चढून भावाच्या मदतीने खिळे ठोकायचे, यात चित्रकाराची कंबर मोडते. तरीही काचेवर ट्यूबलाइट दिसत असेल तर बघणाऱ्याच्या वाट्याला ती ट्यूबलाइटच आली, आणि हे लिहायची जागा रसग्रहणात नाही.

दोहोंचा वाचकही वेगळा. फ्रेंच लेखक दनी दिदरो 1759 पासून पॅरिसच्या सलों प्रदर्शनांवर लिहू लागला तेव्हा त्याचं लिखाण छापलंसुद्धा जात नसे. हाताने नकलून काढलेल्या एका पत्रिकेतून ते युरोपातल्या दरबारांमधल्या मूठभर वर्गणीदारांकडे जायचं. ती चित्रं त्यांनी पाहिलेली नसत, बहुतेक कधी बघणारही नसत. म्हणून दिदरोला चित्र शब्दांत उभं करावं लागे आणि आपलं मतही बेधडक सांगावं लागे. परीक्षणाचा वाचक असा, चित्र न पाहिलेला. रसग्रहण वाचताना मात्र चित्र समोर असलं तर उत्तम, निदान छापलेलं तरी. ‘तीन फटकाऱ्यांची बाई’ हे चित्राशिवाय वाचलं तर नुसतं शब्दलालित्य उरतं.

मग मराठीत नाटकाची परीक्षणं इतकी आणि प्रदर्शनांची एवढी थोडी का? ज्ञानेश्वर नाडकर्णी यांच्यासारख्यांनी नाटक आणि चित्र दोन्हींवर वर्षानुवर्षं लिहिलं, पण वाचकाच्या सवयीत रुजलं ते नाटकाचं. माझ्या मते कारण साधं आहे. नाटकाला तिकीट असतं आणि पुढचा प्रयोग असतो. कालिदास कलामंदिरात जायचं की नाही हे ठरवायला लोक परीक्षण वाचतात. प्रदर्शन फुकट, आणि तेही थोड्याच दिवसांचं. मुंबईच्या जहांगीर कलादालनातसुद्धा मंगळवार ते सोमवार असा आठवडा मिळतो. नाशिकमध्ये कुसुमाग्रज स्मारकात किंवा एखाद्या सभागृहात तीन-चार दिवस. शुक्रवारी उद्घाटन, रविवारी पुरवणी, सोमवारी खिळे काढलेले. जे संपलंय त्याची मांडणी चुकली हे सांगून कोणाला काय मिळणार, असं लिहिणाऱ्यालाही वाटतं आणि तो एका सुंदर चित्राकडे वळतो. परीक्षण म्हणून सुरू झालेला लेख दुसऱ्या परिच्छेदात रसग्रहण होतो तो असा. उद्घाटनाच्या बातमीवर परीक्षणाचा मथळा चढवतात त्याबद्दल काय बोलावं! ‘रंगांची उधळण’, ‘कुंचल्याचा आविष्कार’ आणि दीपप्रज्वलनाचा फोटो.

दालन आणि संग्रहालय यांतही परीक्षणाचे प्रश्न बदलतात. भाड्याच्या दालनात निवड बहुधा चित्रकाराचीच असते, म्हणून हिशेब त्याच्याकडेच मागायचा. संग्रहालयात मध्ये तिसरा माणूस येतो, क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून त्यांची मांडणी ठरवणारा. नाशिकची संग्रहालयं म्हणजे सरकारवाडा किंवा अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय. तिथे आपण जुनं बघायला जातो. आजच्या चित्रकाराचं मोठं, मागे वळून बघणारं प्रदर्शन बघायचं तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, सीएसएमटीवरून काळा घोड्यापर्यंत चालायचं आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचं. (सोमवारी जाऊ नका, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. आमचा एक अख्खा दिवस त्यात गेलाय.)

हे संग्रहालय 1996 पासून जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे. आत चित्रं मजल्यामागून मजला चढत घुमटापर्यंत जातात. त्यामुळे चित्रकाराचं आयुष्य क्रमाने लावलं तर पाहणारा ते अक्षरशः पायऱ्यांनी चढतो, आणि उत्तरकाळातल्या चित्रांपाशी पोचेस्तोवर त्याचे पाय दुखायला लागलेले असतात. उत्तरकाळ फिका वाटला तर त्यात चित्रांचा दोष किती आणि पोटऱ्यांचा किती, हे परीक्षण करणाऱ्याने स्वतःला विचारावं. चित्रकार सुधीर पटवर्धन यांचं 2019 च्या अखेरीस तिथे भरलेलं मोठं प्रदर्शन नॅन्सी अदाजानिया यांनी क्युरेट केलं होतं. तिथे पटवर्धनांच्या एखाद्या लोकल गाडीच्या चित्रावर रसग्रहण लिहिताना अदाजानियांचं नाव आलं नाही तरी चालतं. परीक्षणात ते गाळणं म्हणजे नाटकावर लिहून दिग्दर्शकाला विसरणं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे प्रभाकर बरवे यांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला अमोल पालेकर संग्रहालयाच्या धोरणावर टीका करत होते, तेव्हा त्यांना भाषणात मध्येच अडवण्यात आलं. सगळीकडे तेच छापून आलं. ती मोठी बातमी होतीच, पण तिच्या गदारोळात आतल्या भिंतींवर काय आहे हे फार थोड्यांनी लिहिलं. बरवे हे रसग्रहणाला अगदी बोलावणारे चित्रकार. एक घड्याळ, एक पान, मध्ये मोकळी जागा, आणि पाट्या रंगवायला वापरतात तसला चकचकीत एनॅमल रंग. एका चित्रावर संध्याकाळ जाते. परीक्षणाला मात्र पुढचं विचारावं लागतं: चित्रकाराच्या वह्या-टिपणं चित्रांशेजारी मांडली की चित्र उघडतं, की वहीतलं उत्तर वाचून माणूस चित्र सोडवून टाकतो आणि पुढे सरकतो?

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तर रसग्रहणाची पंचाईतच होते. तिथे एकोणिसाव्या शतकातली लाकडी कपाटं आणि मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या प्रतिकृती यांच्यामध्येच आजच्या कलावंतांचं काम मांडतात. कलाकृती शेजारच्या कपाटाशी बोलत असते. तिला एकटीला उचलून तिचं सौंदर्य सांगायला गेलात तर निम्मं वाक्य कपाटात राहतं.

हे सगळं कळूनही नाशिकमध्ये परीक्षण लिहिताना माझा हात अडखळतो. मुंबईचा समीक्षक चित्रकाराला वर्षातून एकदा भेटत असेल. मला तो गंगापूर रोडला भाजी घेताना भेटतो. त्याची मुलगी माझ्या भाचीच्या वर्गात असते. ‘प्रदर्शन सहा चित्रांचं करायला हवं होतं’ हे छापल्यावर कोथिंबिरीच्या जुडीवरून नजर उचलून त्याच्याकडे बघायचं कसं? म्हणून मी एक तडजोड करतो. घरी दोन्ही लिहितो. आधी रसग्रहण, कारण एका चित्रापुढे नीट उभं राहिल्याशिवाय बाकीच्यांवर बोलायचा अधिकार आपल्याला मिळतो असं मला वाटत नाही. मग परीक्षण. छापायला एकच देतो, आणि कुठलं दिलंय त्याचं नाव स्वतः वर लिहितो. सरांच्या त्या प्रश्नाची भीती अजून आहे.

बाकी दाराशी अभिप्राय वही असतेच. तिच्यात ‘अप्रतिम!’, ‘खूपच सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ अशी पानंच्या पानं भरलेली असतात. मागे एका प्रदर्शनात ती चाळताना मध्येच थरथरत्या, पण वळणदार अक्षरात एक ओळ दिसली: ‘वरची रांग पाहिली, आवडली. खालची रांग पाहण्यास गुडघे लागतात, ते मजजवळ नाहीत.’