०२० मधलं शून्य कुठे गेलं?

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची सभासद-यादी मी परवा सीएसव्ही फाईलमधून, म्हणजे स्वल्पविरामाने माहिती तोडलेल्या साध्या टेक्स्ट फाईलमधून, स्प्रेडशीटमध्ये घेतली. फाईलवर डबल क्लिक केलं, शीट उघडलं आणि ०२० ने सुरू होणाऱ्या प्रत्येक फोन नंबरचं पहिलं शून्य गळालेलं होतं. हे शून्य कुणी खाल्लं, याचा माग काढायचा तर बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात पंच कार्डापासून, म्हणजे छिद्रं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डापासून. आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड १९२८ मध्ये आलं. नाव अमुक रकान्यापासून, रक्कम तमुक रकान्यापासून, असं आधीच ठरलेलं असे. माहिती आणि माहिती यांच्यामध्ये कुठलंच चिन्ह नसायचं, जागा हीच खूण. एक छिद्र सरकलं की पुढचं सगळं बिघडलं. या जाचातून सुटायला स्वल्पविराम कामी आला. १९७२ मध्ये आयबीएमच्या एका कंपायलरने (फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतला प्रोग्रॅम यंत्राला कळेलसा करणाऱ्या सॉफ्टवेअरने) स्वल्पविरामाने तोडलेल्या किमती वाचायची सोय दिली. सीएसव्हीचं मूळ तिथे आहे, म्हणजे ही पद्धत स्प्रेडशीटहून जुनी.

पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट, व्हिजिकॅल्क, १९७९ ची. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची. चौकटीत टाइप केलेलं पहिलं अक्षर पाहून ती ठरवायची: अक्षर असेल तर मजकूर, आकडा असेल तर संख्या. माझ्या मते आपलं शून्य इथेच हरवलं. हिशेबासाठी ही युक्ती उत्तम आहे, पण फोन नंबर ही संख्या नव्हेच. त्याची बेरीज कोण करतं?

१९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये फाईल आत घेताना दोन वाटा होत्या. ‘टेक्स्ट’ निवडलं तर अख्खी ओळ एकाच चौकटीत यायची, ‘नंबर्स’ निवडलं तर आकडे वेगवेगळ्या कॉलममध्ये पडायचे. म्हणजे निर्णय माणसाचा होता. पुढे एक्सेलमध्ये टेक्स्ट इम्पोर्ट विझार्ड आला, त्याच्या तिसऱ्या पायरीवर प्रत्येक कॉलमला ‘टेक्स्ट’ म्हणून सांगता येतं. मात्र सीएसव्हीवर थेट डबल क्लिक केलं की ही पायरी समोर येतच नाही.

सीएसव्हीचा नियम लिहिला गेला तो फार उशिरा, ऑक्टोबर २००५ मध्ये, आरएफसी ४१८० या नावाच्या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात. स्वल्पविराम मजकुरातच असेल तर तो भाग दुहेरी अवतरणात ठेवा, असं त्यात आहे. आपल्याला ते फार लागतं, कारण १,२५,००० अवतरणाविना लिहिलं तर तीन कॉलम होतात. पण हा कॉलम संख्येचा, हा मजकुराचा, असं सांगायची सोय त्यात नाही. त्यामुळे अंदाज बांधणं सुरूच राहिलं. त्याची किंमत शास्त्रज्ञांनीही मोजली: ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची स्प्रेडशीटमध्ये तारीख व्हायची, म्हणून २०२० मध्ये अशा जनुकांची नावं बदलल्याचं जाहीर करावं लागलं.

मराठीचा पेच वेगळाच: संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीच अनेक. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली, भारतीय लिप्यांसाठीचं इस्की मानक १९९१ चं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. याशिवाय डीटीपीवाल्यांचे फाँट, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. साधी टेक्स्ट फाईल यांपैकी कशात लिहिली आहे ते स्वतः सांगत नाही. चुकीचा पर्याय निवडला की कुलकर्णींच्या जागी चिन्हांची रांग दिसते.

वाचनालयाची फाईल मी नव्याने आत घेतली, या वेळी विझार्डमधून. यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) निवडलं, फोनचा कॉलम ‘टेक्स्ट’ केला. शून्यं परत आली, मूळ फाईलमध्ये ती होतीच. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली काही नावं मात्र अजून लागत नाहीत. ती आता वाचनालयाच्या हस्तलिखित रजिस्टरवरून एकेक करून ताडून पाहतो आहे.